दोघांसाठी टेबल

उपाहारगृहाची निवड हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. भूक लागली म्हणजे माणूस जवळचे हॉटेल गाठतो, फळ्यावरचे जिन्नस वाचतो, खिशाचा अंदाज घेतो आणि बसतो. परंतु एखादे दांपत्य, किंवा ज्यांचे लग्न अद्याप ठरावयाचे आहे असे दोघे, तीन-चार दिवसांसाठी परक्या शहरी जातात, तेव्हा या साध्या निवडीला निराळेच वजन येते. देवळे, संग्रहालये आणि समुद्रकिनारे यांच्यापुढे ती दोघे शेजारी-शेजारी उभी असतात आणि दोघांची दृष्टी तिसऱ्याच वस्तूकडे लागलेली असते. एकमेकांसमोर ती बसतात जेवणाच्या टेबलावर. तेथे पाहावयाला समोरचा चेहरा असतो, आणि ताट येईपर्यंत बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो.

मराठी मध्यमवर्गीय घरात पतिपत्नींना असे समोरासमोर बसून जेवण्याचा योग किती वेळा येतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, हे एका परीने बरेच आहे. पूर्वीच्या घरात पुरुषांची पंगत आधी उठे, आणि वाढणारीने मागाहून, उरल्यासुरल्यावर, स्वयंपाकघरात बसावे अशी रीत होती. ती पंगत गेली. तिच्या जागी दोन डबे आले, दोन निरनिराळ्या वेळांच्या लोकलगाड्या आल्या, मुलांच्या परीक्षा आल्या, आणि ताटाशेजारी उताणा पडलेला मोबाइल आला. लग्नाला पंधरा वर्षे झालेल्या डोंबिवलीच्या किंवा नागपूरच्या जोडप्याने चार दिवस काढून मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, वाट धरली, तर त्या चार दिवसांतली सात-आठ जेवणे हाच त्या प्रवासाचा गाभा असतो. ती कुठे घ्यावयाची, हे प्रवासापूर्वी आगगाडीच्या आरक्षणाइतक्याच काळजीने ठरवावे, यात अतिशयोक्ती नाही.

मुंबईच्या इराण्याने ही गरज फार पूर्वी ओळखली होती. त्याच्या दुकानात संगमरवरी टेबले आणि वळणदार पाठीच्या लाकडी खुर्च्या सर्वांसाठी असत. पण आतल्या बाजूस किंवा पोटमाळ्यावर फळ्यांचे काही खण पाडलेले असत, त्यांवर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असे आणि तोंडाशी एक मळकट पडदा लोंबे. चाळीतल्या दोन खोल्यांत ज्यांना दोन वाक्ये सलग बोलता येत नसत, त्यांनी त्या पडद्याआड एका चहावर तास काढले. वातावरण म्हणून तेथे सांगण्यासारखे काही नव्हते. विजेचा दिवा उघडा, टेबल डगमगणारे. तरीही त्या खणांची आठवण पुष्कळ मुंबईकर आजी-आजोबांच्या संसाराला चिकटलेली आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ज्या दोन उपाहारगृहांत पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजातली प्रेमे जमली आणि मोडली, त्या ‘रूपाली’ व ‘वैशाली’ यांची पूर्वीची नावे अनुक्रमे ‘कॅफे मद्रास’ आणि ‘मद्रास हेल्थ होम’ अशी होती. तेव्हा मराठी माणसाच्या प्रणयाला सांबाराचा वास काही नवा नाही.

चेन्नईत उतरणाऱ्या जोडप्याने मुक्कामासाठी अण्णा नगर निवडले, तर पहिला अनुभव थोडा विरसाचाच येईल. जुन्या मद्रासची म्हणून जी चित्रे मनात असतात, रुंद व्हरांड्याचे बंगले, मंगलोरी कौले, गोपुराच्या सावलीतली गल्ली, त्यांतले येथे काही नाही. १९६८ साली या भागात एक मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्यानंतर गृहनिर्माण मंडळाने आखून-मोजून ही वसाहत वसविली. मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै १९६९ मध्ये निवर्तले. वसाहतीला त्यांचे नाव आहे. रस्ते सरळ, काटकोनात एकमेकांना छेदणारे. मोठ्या रस्त्यांना नावांऐवजी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक. मध्यभागी जो वर्तुळाकार चौक आहे त्याला लोक ‘राउंडटाना’ म्हणतात. पन्नास-पंचावन्न वर्षांत झाडे मात्र चांगली वाढली आहेत, आणि आडरस्त्यांवर त्यांच्या फांद्या एकमेकींना भेटू लागल्या आहेत.

प्रदर्शनाची एक खूण अजून उभी आहे. विश्वेश्वरय्यांच्या नावाच्या उद्यानात १३५ फूट उंचीचा, बारा मजल्यांचा एक मनोरा आहे; त्याला वळसे घेत वर जाणारी चढण आहे. शहरात उंच इमारती थोड्या होत्या त्या काळी येथून दूरवरचे दिसत असे, आणि साहजिकच तरुण जोडपी तेथे जात. २०११ मध्ये हा मनोरा लोकांना बंद झाला. वरून उडी घेऊन जीव दिल्याचे प्रकार घडले होते, आणि अशा जिवांत प्रेमात निराश झालेले तरुण होते. डागडुजी होऊन, बाजूंना जाळ्या बसवून, २०२३ मध्ये तो पुन्हा उघडला, आणि थोड्याच अवधीत ताज्या रंगाच्या भिंतींवर जोड्यांची नावे कोरलेली आढळली. वर्तमानपत्रांनी त्यावर टीका केली, ती रास्तच होती. पण ज्यांना आपले नाव दुसऱ्या नावाशेजारी लिहावयाला सार्वजनिक भिंतीखेरीज जागा मिळत नाही, त्यांची अडचण त्या टीकेने सुटत नाही.

याच अडचणीची एक कायदेशीर बाजू आहे, आणि तिचाही संबंध तामिळनाडूशी येतो. २००५ साली खुशबू या अभिनेत्रीने विवाहपूर्व संबंधांविषयी एका नियतकालिकात काही मत व्यक्त केले. त्यावरून तिच्याविरुद्ध ठिकठिकाणी फौजदारी तक्रारी गुदरल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एप्रिलात त्या तेवीस तक्रारी रद्द केल्या, आणि सज्ञान स्त्री-पुरुषांनी स्वेच्छेने एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे हे त्या निमित्ताने स्पष्ट झाले. न्यायालयाचा निर्णय मात्र हॉटेलातल्या वाढप्याच्या नजरेपर्यंत पोहोचावयाला वेळ लागतो. निवासाच्या ठिकाणी नोंदवहीवर वाकलेला कारकून अजून मंगळसूत्र शोधतो. उपाहारगृहात तशी नोंदवही नसते, हा त्याचा मोठाच गुण होय. तेथे दोन माणसे दोन माणसे म्हणून बसू शकतात. त्यांचे नाते विचारल्याशिवाय इडली येते.

आता निवडीकडे वळावयाचे. मोबाइलवर हल्ली उपाहारगृहांच्या याद्या आणि छायाचित्रे विपुल मिळतात. त्यांवर विसंबण्यात एक धोका आहे: छायाचित्राला आवाज नसतो. चित्रात मंद दिवे, वेताची खुर्ची, भिंतीवर वेली, सारे मनोहर दिसते. प्रत्यक्षात गेल्यावर छतातून चित्रपटसंगीत कोसळत असते, शेजारी वाढदिवसाचा केक कापला जात असतो, आणि दोघांना एकमेकांचे ओठ वाचावे लागतात. वातावरण ही पाहण्याच्या आधी ऐकण्याची वस्तू आहे. काच, फरशी आणि धातू यांनी मढविलेली खोली आवाज परतवते. लाकूड, कापड, पुस्तके, झाडे आणि उघडे आकाश तो शोषून घेतात. जेथे शेजारच्या टेबलावरचे बोलणे शब्दशः समजते तेथे आपलेही त्यांना समजते, आणि मग माणूस हवापाण्याविषयीच बोलू लागतो. दिव्याचेही तसेच. प्रकाश टेबलावर पडावा, चेहऱ्यावर त्याचा परावर्तित भाग यावा. डोक्यावरून सरळ पडणारा पांढरा दिवा तरुण चेहऱ्यालाही थकवा आणतो. तिसरी गोष्ट वेळेची. पहिली थाळी संपण्यापूर्वी बिल आणून ठेवणारे हॉटेल कितीही सुंदर असो, दोघांच्या कामाचे नाही. हा दोष मालकाच्या अरसिकतेचा असतोच असे नाही. भाडे जबर असले की खुर्चीला तासात दोन गिऱ्हाइके मिळावीच लागतात.

अण्णा नगरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या रस्त्यावर हे भाड्याचे गणित स्पष्ट दिसते. दुकानांची रांग, काचेची दारे, पाटीवर पाटी. संध्याकाळी सातनंतर कुटुंबेच्या कुटुंबे लोटतात. खाणे उत्तम मिळते, पण बसणे मिळत नाही. तेथून एक-दोन वळणे आत गेले की स्वतंत्र घरे लागतात, आणि त्यांतल्या काहींच्या तळमजल्यांवर आता कॉफीची दुकाने व लहान उपाहारगृहे आहेत. पूर्वीचा दिवाणखाना म्हणजे मुख्य दालन, मुलांची खोली म्हणजे चार टेबलांचा कोपरा, पुढचे अंगण म्हणजे झाडाखालची बैठक. राहण्यासाठी बांधलेल्या वास्तूत माणसाच्या अंगाला मानवणारी मापे असतात. छत फार उंच नसते, खिडकी योग्य जागी असते. एखादी आजी ज्या कोनाड्यात समई लावीत असेल तेथे आता मेनूची कार्डे उभी असतात, याचे वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. घर पाडून तेथे सहा मजले उभारण्यापेक्षा हे बरे.

अशा ठिकाणी जाण्यापूर्वी दुपारी एक फेरी मारावी. त्यात कमीपणा नाही. लग्नाचे कार्यालय पाहावयाला माणसे दोनदा जातात. टेबलांमधले अंतर पाहावे, स्वयंपाकघराचे दार कोणत्या बाजूस उघडते ते पाहावे, वातानुकूलन यंत्राचा झोत कोणाच्या मानेवर येणार ते पाहावे, आणि गल्ल्यावरच्या माणसाला सांगून ठेवावे की संध्याकाळी अमुक वाजता दोघेजण येतील व तो कोपरा हवा आहे. अगदी लवकर जावे. साडेसहा-सातला चेन्नईतली उपाहारगृहे दुपारचा फराळ आणि रात्रीचे जेवण यांच्या संधिकालात असतात. वाढपी निवांत असतो, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलले तर तो पुढचे दोन तास त्या टेबलाचा पालक होतो. मद्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की या राज्यात बाहेर बसून पिण्याची सोय बहुधा मोठ्या हॉटेलांत आणि क्लबांतच असते. साध्या उपाहारगृहात संध्याकाळ कॉफीवर रंगवावी लागते. पितळेच्या किंवा पोलादाच्या वाटीत आणि पेल्यात आलेली ती फेसाळ कॉफी उंचावरून ओतून निववीत बसावे, यात वेळ चांगला जातो.

या शहराने वातावरणाच्या बाबतीत एकदा जे साधले होते त्याची कथा येथे सांगण्याजोगी आहे. उडुपीकडून आलेल्या के. कृष्ण राव यांनी १९३८ मध्ये रायपेट्टा भागात एक जुना वाडा भाड्याने घेऊन तेथे हॉटेल काढले. वाडा रामनाडच्या जमीनदारांचा. त्याचे नाव ‘वुडलंड्स’. तेच हॉटेलाचे नाव झाले, आणि पुढे ते उडुपी पद्धतीच्या शाकाहारी भोजनाचे जणू पर्यायनाम होऊन देशोदेशी गेले. त्याच कृष्ण रावांनी १९६२ मध्ये कॅथीड्रल रोडवर, उद्यानविद्या संस्थेच्या झाडीने भरलेल्या जमिनीवर, ‘वुडलंड्स ड्राइव्ह-इन’ सुरू केले. मोटार झाडाखाली उभी करावी, वाढप्याने खिडकीच्या काचेला तबक अडकवावे, आणि आतल्या माणसांनी आपल्याच गाडीत बसून डोसा खावा, अशी ती व्यवस्था. ज्यांच्याजवळ मोटार नव्हती त्यांच्यासाठी आत छपराखाली टेबले होती, आणि खरी गर्दी तेथेच असे: विद्यार्थी, वकील, चित्रपटाच्या कथा घेऊन हिंडणारे लेखक, आणि अर्थात जोडपी. एका कॉफीवर दुपार काढली तरी कोणी उठवीत नसे. मुंबईच्या इराण्याने पडद्याने जे साधले ते येथे झाडांनी साधले. श्रीमंतांना काच आणि गरिबांना सावली, अशी विभागणी असली तरी पदार्थ एकच होता आणि दरही फार चढे नव्हते.

जमीन सरकारची होती. दीर्घ वादानंतर २००८ मध्ये हे ठिकाण बंद झाले, आणि २०१० च्या नोव्हेंबरात तेथे ‘सेम्मोळी पूंगा’ हे सार्वजनिक उद्यान खुले झाले. उद्यान रेखीव आहे, झाडे पुष्कळशी राखली आहेत, आणि सार्वजनिक जमीन सर्वांना खुली असावी या तत्त्वाविरुद्ध काही म्हणता येत नाही. तथापि शासकीय कारभाराची ज्यांना जवळून ओळख आहे त्यांना हेही कळेल की उद्यानाचे क्षेत्रफळ मोजता येते, प्रवेशपत्रिका मोजता येतात. एका कॉफीवर तीन तास बसू देणाऱ्या जागेची किंमत मात्र कोणत्याच नोंदवहीच्या रकान्यात बसत नाही. त्यामुळे अशी जागा गेली म्हणजे हिशेबात तूट दिसत नाही.

तिची भरपाई आता निरनिराळ्या ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी होते, आणि बहुतेक तुकडे महाग आहेत. व्हाइट्स रोडवर ‘ॲमिथिस्ट’ नावाचे कॉफीगृह दाट बागेत आहे. पावसाच्या दिवसांत त्याच्या व्हरांड्यात बसले असता रस्ता शंभर पावलांवर आहे हे विसरावयाला होते. ‘कॉनेमारा’ हे मद्रासच्या एका इंग्रज गव्हर्नराचे नाव धारण करणारे जुने हॉटेल. त्याच्या आवारात रात्री उघड्यावर चेट्टिनाड पद्धतीचे भोजन मिळते, आणि त्या जागेला पर्जन्यवृक्षाचे नाव आहे. या झाडाची पाने संध्याकाळ झाली म्हणजे मिटतात, म्हणून त्याच्याखाली रात्री आकाश दिवसापेक्षा अधिक दिसते. चार दिवसांत असे एक जेवण घ्यावे. रोज घेतले तर जोडप्यातला जो कोणी घरखर्चाची वही लिहितो त्याचे लक्ष चांदण्याकडे राहणार नाही, आणि पैशाची धास्ती टेबलावर येऊन बसली म्हणजे ती तिसऱ्या माणसाइतकी जागा अडविते. एकाच वेळी दोघांनाही बिलाची रक्कम आधी ठाऊक असणे, ही शांत संध्याकाळीची पहिली अट समजावी.

महागाईशी वातावरणाचा संबंध नसलेली ठिकाणेही आहेत, पण त्यांना ऋतू किंवा प्रहर सांभाळावा लागतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, मार्गळी महिन्यात, चेन्नईत कर्नाटक संगीताचा महोत्सव चालतो. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये म्युझिक ॲकॅडमी निघाली, आणि आज अनेक सभा, म्हणजे संगीतसंस्था, या काळात सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली करतात. त्या सभांच्या आवारात खाण्याचे तात्पुरते मांडव पडतात. पानावर वाढलेले जेवण, शेजारी कांजीवरम साड्यांची सळसळ, आणि आताच संपलेल्या तोडी रागाबद्दल अनोळखी वृद्धांचा वाद. तेथे एकांत मुळीच नाही. परंतु दोन तास एकच गाणे ऐकून आलेल्या दोघांना एकांताची गरज थोडी कमी असते. बोलावयाला विषय तयार असतो, आणि तो घरचा नसतो. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा मात्र शक्यतो टाळावा. ईशान्य मोसमी पावसाने २०१५ आणि २०२३ या दोन्ही वर्षी डिसेंबरच्या आरंभी शहर पाण्यात घातले होते.

मैलापूरच्या बाजूस सकाळ चांगली. कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या गल्ल्यांत लहान ‘मेस’ आहेत. ‘रायर मेस’ त्यांतली नामांकित. जागा अरुंद, परक्या माणसांच्या कोपराला कोपर लावून बसावयाचे, जिन्नस संपले की दार बंद. प्रणयाच्या पुस्तकी कल्पनेत हे बसणार नाही. तरी ज्या दांपत्याने वर्षानुवर्षे सकाळचा चहा उभ्याने घेतला आहे त्यांनी तेथे ऊन इडलीची वाट पाहत रांगेत उभे राहून पाहावे. घाई नसलेली रांग ही चीज मुंबईकराला ठाऊक नसते.

जाता जाता एक गोष्ट. मराठी पाहुण्याने या प्रांतात अगदीच परकेपणा मानण्याचे कारण नाही. १८५५ पर्यंत तंजावरास मराठ्यांची गादी होती, आणि सरफोजी राजांच्या काळचे पाकशास्त्र तेथील सरस्वती महालात मराठीतून लिहिलेले आहे. सांबार हे नाव संभाजीवरून आले, अशीही एक कथा तिकडे आवडीने सांगितली जाते. तिला पुराव्याचा आधार भक्कम नाही, पण पदार्थ येईपर्यंत सांगावयाला ती पुरेशी आहे. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे चेन्नईत आजही आहेत, आणि शेजारच्या टेबलावरून एखादा जुन्या वळणाचा मराठी शब्द कानी पडला तर दचकू नये. आपले बोलणे कोणाला समजत नाही या भरवशावर भांडणाऱ्या जोडप्यांनी तेवढे लक्षात ठेवावे.

शेवटच्या दिवशी नवी जागा शोधू नये. पहिल्या संध्याकाळी अण्णा नगरातल्या ज्या घरगुती उपाहारगृहात बसणे झाले असेल तेथेच परत जावे. वाढपी ओळख दाखवील, कोपऱ्यातले टेबल न सांगता मिळेल, आणि चार दिवसांपूर्वी त्याच टेबलावर जे बोलणे अर्धे राहिले असेल ते तेथे पुढे चालू करता येईल. सेंट्रल स्थानकाकडे जाणारी मेट्रो ‘अण्णा नगर टॉवर’ येथून मिळते. सामान बरोबर असेल तर स्थानकापासून चालत जाण्याइतके जवळचे ठिकाण पाहावे, आणि गाडीच्या वेळेपूर्वी पुरेसा अवधी हाती ठेवावा. म्हणजे कॉफी दोनदा मागविता येते.